हानोफरच्या पुढचं गाव

जर्मनीतल्या गावांची नावं मला नीट म्हणता येतात, याचं इंदापुरात लोकांना कौतुक आहे. मला नाही. चौथी शिकलेल्या म्हातारीच्या तोंडून व्यूर्त्सबुर्ग ऐकलं की माणसं हसतात आणि मोबाईल पुढे धरतात. मी आधी मोबाईल खाली ठेवायला लावते. माझी नात ऋतुजा बारामतीत नर्सिंग शिकली आणि आता तिकडे नोकरीला जायचं म्हणून जर्मन भाषेच्या क्लासला जाते. तिच्याबरोबरची पोरंपोरी रविवारी माझ्या ओट्यावर येऊन बसतात. कुणी एमआयडीसीत वेल्डर आहे, कुणी दवाखान्यात कामाला आहे. क्लासमध्ये त्यांना वाक्यं शिकवतात, पण ज्या गावाला जायचं त्या गावाचं नाव आलं की त्यांची जीभ अडते. मी शेंगा फोडत बसते आणि ती एकेक नाव म्हणतात. चुकलं की मी चुकलं म्हणते. बरोबर आलं तर काही बोलत नाही. ऋतुजा म्हणते, "आजी, शाबासकी तरी देत जा की." मी म्हणते, "पोचल्यावर देते." पोरं हसतात. मी थट्टा करत नसते. नाव म्हणता येणं आणि गावात पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सतराव्या वर्षी कळलं, आणि ते कळण्यात माझं एक वर्ष गेलं.

तेव्हा आम्ही काटेवाडीच्या शिवारात वस्तीवर राहायचो. दोन खोल्या, पुढे छपरी, छपरीच्या एका अंगाला म्हशी. दिवस कसा जायचा ते घड्याळावर नाही, जवळच्या साखर कारखान्याच्या भोंग्यावर ठरायचं. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी आईची धार काढून झालेली असायची. चरवीत दूध पडताना आधी टणटण वाजतं, मग चरवी भरत आली की आवाज जाड होतो. तो जाड आवाज ऐकला की मी चूल पेटवायची. भाकरी थापण्याचा आवाज, दादाच्या सायकलची करकरणारी चेन, आणि आबांचं खाकरणं. आबा म्हणजे माझे वडील. ते काळजी करणारे होते. इतर माणसं तंबाखू खातात तसे ते काळजी करायचे, म्हणजे सवयीने आणि दिवसभर. म्हैस पाणी कमी प्यायली तरी त्यांना भाकरी गोड लागायची नाही. कालव्याच्या चारीला पाणी आलं नाही तर काळजी, आलं तर बांध फुटेल ही काळजी. आई त्यांच्याकडे लक्ष द्यायची नाही. लसणाचा ठेचा वाटत बसायची आणि म्हणायची, "हूं द्या काय व्हायचं त्ये. आदी दोन घास खावा."

चौथीच्या पुढची शाळा बारामतीत होती आणि मुलीला सायकल कुणी देत नव्हतं. तिथे माझं शिक्षण संपलं. पुढची काही वर्षं शेण, पाणी, खुरपणी यात गेली. मग कारखान्यात नवीन मशिनरी बसवायला एक जर्मन साहेब आला. त्याच्या बायकोला स्वयंपाकघरात हाताखाली मुलगी हवी होती. माझा मोठा भाऊ दत्तू, म्हणजे दादा, कारखान्यात फिटर होता. त्याने घरी येऊन सांगितलं. आबांना काळजी वाटली. आई म्हणाली, "घरात तरी काय करती? हितं शेण काढती, तितं भांडी घाशील." अशी मी बंगल्यावर जायला लागले.

त्या बाईचं नाव मार्टा. आम्ही मार्टाबाई म्हणायचो. उंच, हाडकुळी, हातावर तांबडे ठिपके. तिला मराठी येत नव्हतं आणि मला दुसरं काही येत नव्हतं. ती बटाटे उकडायची, कोबी बरणीत आंबवायची आणि विटेसारखा पाव भाजायची. तो पाव मी घरी आणला तर आमच्या म्हशीने हुंगून सोडून दिला. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिच्या देशाचा नकाशा होता, कडा तेलकट झालेला. कणीक मळता मळता तिला घरची आठवण आली की ती पिठाचं बोट एका ठिकाणी ठेवायची आणि नाव म्हणायची. मी भांडी घासत तेच म्हणायची. मी बरोबर म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. दुसऱ्या कशानेही ती खूश होत नव्हती, ना माझ्या भांड्यांनी, ना झाडण्याने. म्हणून मी नावं शिकले. त्यात हुशारी नव्हती. मालकीण खूश राहिली की काम टिकतं, एवढंच.

मार्टाबाई सांगू शकत नसे, म्हणून दाखवायची. स्वतःचे ओठ धरून, माझा गळा चाचपून. मी ते माझ्या रीतीने लक्षात ठेवलं. व्यूर्त्सबुर्गमधला व्यू म्हणायचा तर ओठ फुंकणी धरल्यासारखे करायचे आणि आतून ई म्हणायचं. आखनमधला ख म्हणजे माशाचा काटा घशात अडकल्यावर आपण खाकरतो तो. माइन्त्सचा शेवट आपल्या चांगल्यातल्या च सारखा, तो आपल्याला फुकटच येतो. हानोफरचा शेवटचा र गिळून टाकायचा. आणि पाइने असं जे लिहितात ते म्हणायचं पाइनं, आपण कुठं, तिथं म्हणतो तसं. पाइने हे मार्टाबाईच्या माहेरच्या जवळचं गाव. त्या नावापाशी तिचं बोट जास्त वेळ थांबायचं, आणि नकाशावर तेवढा भाग पिठाने पांढरा झाला होता. आता ऋतुजाच्या क्लासमधली पोरं म्हणतात, आजी, मोबाईल बोलून दाखवतो. दाखवतो खरा, पण ओठ धरून दाखवत नाही.

एवढ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली म्हणजे नवीन मशीनचं काम शिकायला कारखान्याने एक माणूस वर्षभर जर्मनीला पाठवायचं ठरवलं आणि साहेबाने दादाचं नाव घेतलं. ज्या वर्कशॉपमध्ये शिकायचं ते पाइनंला होतं. दुसरी म्हणजे मला इंदापूरचं स्थळ आलं. कालव्याखालचं रान, मुलगा कामाचा, माणसं बरी. पाहुणे येऊन बघून गेले आणि होकार आला. मुलाला नाव ठेवायला जागा नव्हती. पण मार्टाबाईने मला शिवणाचं मशीन दाखवून, बोटांनी खुणा करून सांगितलं होतं की पुढच्या वर्षात ती मला झंपर शिवायला शिकवणार. मला ते वर्ष हवं होतं. कुणाच्या घरी जायचंच तर हातात काही घेऊन जावं असं वाटत होतं. मी हे आबांना सांगितलं नाही, सांगून उपयोग नव्हता. दादाला सांगितलं. दादा जेवताना आबांना म्हणाला, "मी येस्तवर गोदीचं लगीन काढायचं न्हाय. एकुलती भैन हाय. मला बगायचं हाय."

आबांनी भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "त्ये पावनं काय वरीसभर थांबत्यात व्हय?"

"थांबतील. मी बोलतो त्यांच्यासंग."

"तू आदी नीट पोच," आबा म्हणाले. "पोचलास, तर बगू."

म्हणजे सगळं त्या पोचण्यावर येऊन थांबलं. वाटेचा हिशोब असा होता: मुंबईहून विमान, फ्रांकफुर्टला साहेबाचा एक दोस्त त्याला उतरवून घेणार आणि हानोफरच्या गाडीत बसवून देणार. हानोफरला दादाने स्वतः उतरायचं, स्वतः तिकीट काढायचं आणि पाइनंला जायचं. पाइनंच्या स्टेशनात वर्कशॉपचा माणूस उभा राहणार. एकट्याने जायचं ते एवढंच, बारामतीहून भिगवणला जावं तेवढं. पण दादाला ओळखणाऱ्या माणसाला तेवढंच फार होतं. मशीन समोर असलं की तो वाघ, माणूस समोर आला की त्याची वाचा जायची. एकदा पुण्याला मामाकडे गेला, घर सापडेना, तर कुणाला विचारायची लाज वाटली म्हणून परत यष्टीत बसून घरी आला. आई म्हणाली, "पुन्यात ज्याला मामा गावला न्हाय, त्येला जर्मनीत काय गावनार?" ती हसत म्हणाली, पण त्या दिवशी ठेचा वाटताना तिने मीठ दोनदा घातलं.

संध्याकाळचा भोंगा झाला की दादा हातपाय धुऊन छपरीत बसायचा आणि मी त्याच्याकडून नावं म्हणून घ्यायची. फ्रांकफुर्ट, फुल्डा, ग्योटिंगन, हानोफर, पाइनं. आई धार काढत ऐकायची.

"हानोफर," दादा म्हणायचा.

"शेवटचा र खा."

"आत्ता तर जेवलो. आजून र खाऊ?"

"खा म्हनलं ना. ग्योटिंगन म्हन."

"गोटिंगन."

"फुंकनी धर तोंडात."

शेजारच्या वस्तीवरचे सोपानतात्या तंबाखू मळत येऊन बसायचे. एक दिवस म्हणाले, "गोदे, त्याला हिकडं वाटा सांगतीस, आन तू कुठवर गेलीयास गं?"

"मी बारामतीपतूर. पर जायाचं त्येला हाय, मला न्हाय."

"आन तितं ह्यो चुकला म्हंजी?"

आबा उठून गोठ्यात गेले. तात्यांच्या तोंडी जे आलं ते आमच्या सगळ्यांच्या मनात होतं, म्हणूनच तात्यांचा राग आला. त्यानंतर मी दादाला जास्तच राबवलं. सायकल पुसताना, वैरण टाकताना, तोंड धुताना. शेवटी नावं त्याच्या तोंडातून अशी यायला लागली की मार्टाबाईने त्याला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून ऐकलं आणि मान डोलावली. टोपी हातात चुरगळत तो सगळी म्हणाला, एकदाही न अडखळता. मला वाटलं, झालं. आता कुणीही याला पाइनंला पोचवेल.

निघायच्या आदल्या दिवशी आईने दुधात कणीक भिजवून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, लिंबाचं लोणचं फडक्यात बांधलं. दुसऱ्या दिवशी बारामतीच्या स्टँडवर आबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्हाला लहानपणी बाजारात नेताना जे सांगायचे तेच सांगितलं. "चुकलास तर जितं उतरलास तितंच बसून ऱ्हा. हलू नगंस. आपला मानूस हुडकत येतो." मी खिडकीशी उभी होते. मी म्हटलं, "पाइनं." दादा म्हणाला, "पाइनं." मग यष्टी हलली.

तो ज्या दिवशी पोचायचा तो दिवस गेला. त्याच्या पुढचा गेला. बातमी यायला वेळ लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी सगळे वाटेकडे बघत होते. मग एका दुपारी कारखान्याचा शिपाई सायकलवरून वस्तीवर आला. तो आमच्या ओळखीचा होता. एरवी तो लांबूनच घंटी वाजवायचा. त्या दिवशी घंटी न वाजवता आला आणि सायकल हातात धरूनच उभा राहिला. म्हणाला, "आबा, तार आलीया. दत्तू पोचला न्हाय म्हनत्यात. गाडीवं मानूस हुता त्यांचा, पर दत्तू उतरला न्हाय."

साहेब तेव्हा मुंबईला होता, बंदरात मशीनचे भाग अडकले होते म्हणून. जर्मनीला बोलायचं तर पुण्याहून ट्रंक कॉल लावायचा आणि ते साहेबाशिवाय कुणाला जमणारं नव्हतं. ऑफिसातली माणसं म्हणाली, साहेब आला की बघू. मी बंगल्यावर पळत गेले. मार्टाबाईला तारेचं कळलं होतं. मी नकाशावर पाइनंवर बोट ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "गुट, गोडा. गुट." तिला माझं नाव कधीच नीट म्हणता आलं नाही. गुट म्हणजे चांगलं; तू बरोबर शिकवलंस, असं तिला म्हणायचं होतं. मग ती रडायला लागली. मला तिच्या रडण्याचा काही उपयोग नव्हता. मी भांडी घासून घरी आले.

त्या दिवसांत घराचे आवाज बदलले. आई धार काढायची, पण चरवी जाड वाजेपर्यंत काढायची नाही, मध्येच उठायची. म्हशी ओरडायच्या. ती रोज दादाची भाकरी थापायची, फडक्यात गुंडाळून शिंक्यावर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी म्हशीला घालायची. आबा प्रत्येक भोंग्याला कारखान्याच्या गेटवर जायचे आणि परत यायचे. येताना त्यांची चाल बघूनच कळायचं, विचारावं लागत नव्हतं. माणसं येऊन बसायला लागली. घरात कुणी गेल्यावर बसतात तशी, खाली बघत. सोपानतात्या म्हणाले, "परमुलखात पोरगं. ना बोली, ना वळख." कुणीतरी बाई मागे बसून म्हणाली, "पोरीनं काय शिकीवलं कुनास ठावं."

आईने ते ऐकलं. माणसं गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "गोदे, तू त्येला बराबर शिकीवलं हुतंस न्हवं?"

"व्हय."

"येखादं चुकलं आसंल."

"न्हाय चुकलं."

तोंडाने मी न्हाय म्हटलं, पण दळताना, पाणी शेंदताना मी ती नावं मनात म्हणून बघत होते. मग एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. मार्टाबाई खेड्यातली. तिचं बोलणं आपल्यासारखं गावंढळ असलं तर? पुण्याच्या दुकानात आपण काही मागितलं की ते लोक काय काय म्हणून विचारतात, तसं हानोफरच्या खिडकीत झालं असेल. दादाला दुसऱ्यांदा कुणी काय म्हटलं असेल, की त्याची वाचा गेली असेल. आणि वाचा गेल्यावर तो कुठल्या गाडीत बसला असेल हे देवालाच माहीत. पुण्याहून तो परत यष्टीत बसून घरी आला होता. तिथून कुठल्या यष्टीत बसणार?

बाजाराच्या दिवशी आबा सकाळी धोतर नेसून गेले ते दिवस मावळताना आले. पाणी प्यायले आणि छपरीत बसले. म्हणाले, "इंदापूरला जाऊन आलो. परवा सुपारी फोडायची."

आईचा हात तव्यावर थांबला. "पोराचा ठाव न्हाय, आन तुमी सुपारी काय फोडताय?"

"म्हनूनच. एक गेलं हातचं. दुसरं तरी जाग्याला लावतो."

मी म्हणाले, "आबा, दादा म्हनला हुता, तो येस्तवर थांबायचं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "कुठं हाय त्यो?"

आबांना मी दोष देत नाही. घाबरलेल्या माणसाला काहीतरी करावं लागतं, नुसतं बसवत नाही, आणि करण्यासारखं त्यांच्या हातात तेवढंच होतं. पण त्यांच्या भीतीवर इलाज म्हणून माझं लग्न झालं, हे खरं आहे आणि ते मी लिहिणार.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. आईने शिरा केला आणि साखर जास्त पडली. पाहुणे म्हणाले, गोड झालाय. कुंकू लागलं, सुपारी फुटली, नारळ ओटीत आला. दादाचं नाव कुणी काढलं नाही, आणि न काढलेलं ते नाव सगळ्यांच्या मध्ये बसून होतं. पाहुण्यांची गाडी धुळीत दिसेनाशी होईपर्यंत आबा बांधावर उभे होते.

दुसऱ्या दिवशी साहेबाची जीप वस्तीवर आली. जीप वस्तीवर कधी येत नसे, म्हणून आई उठलीच नाही. तिला वाटलं, आता वाईट बातमीच ऐकायची राहिली. साहेबाबरोबर ऑफिसातला माणूस होता. तो उतरता उतरताच बोलला. साहेबाने पुण्याहून बोलून घेतलं होतं. दादा पाइनंला होता. एक रात्र उशीर झाला होता, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर्कशॉपात हजर झाला आणि तेव्हापासून कामावर होता. आबांनी विचारलं, "मग त्यांनी कळीवलं का न्हाय?" ऑफिसातल्या माणसाने साहेबाला विचारलं, साहेब काहीतरी बोलला. तो माणूस म्हणाला, "तिकडचे म्हणतात, माणूस पोचल्यावर तार कशाला करायची?"

दादा एक रात्र हरवला होता. आमच्या घरात तो कितीतरी दिवस हरवलेला होता, आणि तेवढ्यात माझी सुपारी फुटली होती.

आई होती तिथेच जमिनीवर हात टेकून बसली. आबा गोठ्यात गेले आणि नुकतीच पाणी प्यायलेल्या म्हशीपुढे परत बादली ठेवली. मी त्यांच्यामागे गेले. म्हणाले, "आबा, आता इंदापूरला निरोप धाडा. वरीसभर थांबा म्हनावं."

"शबुद गेला, गोदे."

"दादा पोचला की. तुमीच म्हनला हुता."

"शबुद गेला," ते परत म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र किती दिवसांनी सैल झाला होता. तो चेहरा बघून मी ती भरलेली बादली उचलून बाहेर नेली.

मी रडले नाही. रडून लग्न पुढे गेलं असतं तर रडले असते. लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. शिवणाच्या मशीनवर मी सुईत दोरा ओवण्यापुरती शिकले होते. मार्टाबाईने मला निघताना कमरेला बांधायचं तिचं पांढरं फडकं दिलं, कडेला भरतकाम केलेलं. सासूबाईंनी ते चुलीवरची भांडी उतरवायला घेतलं. नवरा बरा निघाला, ते वेगळं. पुढे कधी झंपर शिवायला मी दुसऱ्याकडे दिला की शिंप्याच्या मशीनकडे बघत उभी राहायची. तो म्हणायचा, बाई, परवा मिळंल. मला झंपराची घाई नसायची.

वर्षाने दादा आला. घरी जाऊन दुसऱ्याच दिवशी मला भेटायला इंदापूरला आला. उजळला होता, अंगाने भरला होता. चॉकलेट आणलं होतं, ते उन्हात वितळून कागदाला चिकटलं होतं. दुपारची वेळ, सोप्यात सासूबाई तूर निवडत बसल्या होत्या. मी चहा केला, त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "कुठं हरीवला हुतास?"

त्याने कपाकडे बघितलं. "आता जुनं झालं की त्ये."

"मला न्हाय झालं. मी शिकीवलेलं चुकीचं हुतं का?"

"न्हाय. समदं बराबर हुतं. यकानं दुसऱ्यांदा इचारलं न्हाय."

"मग?"

"हानोफरला खिडकीत उभा ऱ्हायलो. बाई हुती. मागं मानसं. तिनं इचारलं. मला वाटलं, पाइनं म्हनलं तर हिला काय कळनार? बारकं गाव. आपन पुन्यात काटेवाडी सांगतो का? बारामतीच सांगतो. मग पाइनंच्या म्होरं थोरलं गाव हुतं, तुझ्या मार्टाबाईच्या नकाशावं पायलेलं, तुझ्याच तोंडनं ऐकलेलं. ब्राउनश्वाइक. म्हनलं ब्राउनश्वाइक. तिनं लगीच तिकीट दिलं. वाटलं, गाडीत कंडक्टरला सांगू, अलीकडं उतरीव म्हनून."

"रेल्वेत?"

"यष्टीत सांगतो तसं. गाडी निघाली ती थांबंना. पाइनंची पाटी डोळ्यांम्होरनं गेली, गोदे. खाली मानूस उभा हुता, त्यो बी दिसला बग, कागद धरून. मी उठून त्या तिकीटवाल्याला म्हनलं, पाइनं, पाइनं. त्यानं मागं बोट दावलं."

"मग उलट्या गाडीनं लगीच का आला न्हाईस?"

"आबा म्हनले हुते, जितं उतरलास तितंच बस. बसलो. दशम्या हुत्या. सकाळी झाडायला येक बाई आली, तिनं हाताला धरून गाडीत घातलं." त्याने चहाचा घोट घेतला. मग मान वर न करता म्हणाला, "आन पाइनं बारकं न्हाय गं. बारामतीपरास मोठं हाय."

मला हसू आलं का राग आला ते सांगता येणार नाही. मी त्याच्या कपात परत चहा ओतला. त्याने विचारलं, "आबास्नी तू सांगितलं न्हाईस, थांबा म्हनून?"

"सांगितलं. त्ये म्हनले, त्यो कुठं हाय."

दादाने भरलेला कप बाजूला सारला. सासूबाई इतका वेळ सुपात बघत ऐकत होत्या. त्यांना आमच्यातलं किती कळलं कोण जाणे. त्या दादाला म्हणाल्या, "पावनं, तिकडली नावं हिला खरंच येत्यात का? आमच्यात तर कदी तोंडातनं काडली न्हाईत."

"येत्यात," दादा म्हणाला. "माझ्यापरास चांगली."

"म्हन बगू," सासूबाई मला म्हणाल्या.

लग्न झाल्यापासून मी ती एकदाही म्हटली नव्हती. मला वाटलं, विसरले असेन. विसरले नव्हते. मी चुलीकडे बघत म्हटलं, फ्रांकफुर्ट. फुल्डा. ग्योटिंगन. हानोफर. पाइनं.

सासूबाई सूप हातात धरून वाट बघत होत्या. "आन म्होरं?"

"म्होरं न्हाय," मी म्हणाले. "हितंच उतरायचं." आणि भाकरी टाकायला उठले.